आत्याने उसवलेला स्वेटर

आमच्या आत्याला सगळा गोतावळा 'चेकरआत्या' म्हणतो, अगदी तिच्या तोंडावर, आणि तिला त्याचा राग येत नाही. उलट बरंच वाटतं. निवृत्त झालेल्या माणसाचा हुद्दा सहसा कामाच्या जागीच राहतो. आत्याचा मात्र तिच्यामागोमाग घरी आला आणि सोफ्यावर पाय पसरून बसला.

स्वेटरच्या कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर होती. टेबलाला वर काच आणि काचेखाली दिवे. मशीनवरून उतरलेला प्रत्येक स्वेटर त्या काचेवर पसरायचा, गळ्यापासून खालपर्यंत तळहात फिरवत यायचं आणि जिथून उजेड जास्त येईल तिथे टाका गळालाय हे ओळखायचं. चूक सापडली की त्या जागी लाल दोरा बांधायचा आणि स्वेटर जिने केला तिच्याकडे परत. उसव आणि पुन्हा कर. मशीनवरच्या बायका आत्याला इतक्या टरकून असायच्या की जेवणाच्या सुट्टीत ती ज्या बाकावर बसे तो बाक तिच्या एकटीचा असे. आत्या हे सांगताना वर म्हणायची, "ऐसपैस बसायला मिळायचं."

मी तिच्या भावाची मुलगी, तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. माझ्या विणकामाचा निकाल तिने मी शाळेत असतानाच लावला. हस्तकलेच्या तासाला केलेला मफलर मी मोठ्या हौसेने तिला दाखवायला नेला. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला, "इथे टाके वाढलेत गं," म्हणाली आणि माझ्या डोळ्यांदेखत टोक ओढलं. मग नवा करून दिला, पहिल्यापेक्षा कितीतरी देखणा. तो मी एकदाही घातला नाही. नाक लाल होईस्तोवर थंडी सोसली, पण घातला नाही. आमच्या घराण्यात हट्ट बायकांकडून बायकांकडे येतो.

आत्या वाईट नव्हती. तिला चूक दिसली की राहवत नसे, एवढंच. दुसऱ्याच्या डोळ्यात गेलेलं कुसळ काढायला धावणारी माणसं असतात ना, तशातली ती. फक्त धावताना ती कुणाच्या पायावर पाय देते हे तिला कळत नसे, आणि कळवायची हिंमत आमच्यात नव्हती.

तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, लग्न करून वहिनीला घेऊन आला तेव्हा आम्हा सगळ्यांना वहिनीची काळजी वाटली. वहिनी औषधांच्या दुकानात कामाला. बोलणं मोजकं, आवाज हळू, पण दुकानात डॉक्टरांची अगम्य अक्षरं वाचून वाचून तिच्या अंगात एक शांतपणा आलेला. कुणाचाही आरडाओरडा ती चिठ्ठीसारखा वाचून बाजूला ठेवते. ती आत्याला 'अहो आई' म्हणते आणि स्वतःच्या आईला 'अगं आई', त्यामुळे फोन वाजला की कोणत्या आईशी बोलणं चाललंय ते पलीकडच्या खोलीतही कळतं.

वहिनीला दिवस गेले आणि आत्याने जाहीर केलं, "बाळाचा पहिला स्वेटर आईच्या हातचा हवा. मी शिकवते." वहिनीने हो म्हटलं, कारण नाही म्हणण्यात जास्त वेळ गेला असता. मग आम्ही तिघी लोकरीच्या दुकानात गेलो. तिथला दुकानदार आत्या दिसली की तिला खुर्ची देतो आणि स्वतः उभा राहतो.

आत्याने सगळ्या तऱ्हेच्या सुया काउंटरवर मांडायला लावल्या आणि तास सुरू केला. "नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, हे आधी डोक्यात पक्कं कर. बाराची काठाला, दहाची अंगाला, आठची जाड लोकरीला. या स्टीलच्या बघ, या पळतात. पळणाऱ्या हाताला त्या चांगल्या, तुझा हात अजून रांगतोय. प्लास्टिकच्या वाकतात. तुला बांबूच्या घेऊ, त्या टाका धरून ठेवतात, निसटू देत नाहीत." मग एकेक जोडी तिने काउंटरच्या काचेवर लाटल्यासारखी फिरवली. जी डुगडुगली ती बाद. टोकं स्वतःच्या स्वेटरच्या बाहीवरून ओढून पाहिली, जिने धागा धरला ती बाद. पाचव्या जोडीला दुकानदार म्हणाला, "बाई, सुया बघताय की जावई?" आत्या म्हणाली, "जावई बिघडला तर मुलगी सांभाळून घेते. सुई बिघडली तर कोण सांभाळणार?"

घरी येऊन वहिनीने नमुन्याचा चौकोन विणला. आत्याने उसवला. वहिनीने पुन्हा विणला. आत्याने "आता बरंच सुधारलंय" म्हणून पुन्हा उसवला. असं काही दिवस चाललं. मग एका संध्याकाळी वहिनीने सुया पुसून पिशवीत ठेवल्या आणि म्हणाली, "अहो आई, सध्या दुकानात फार काम आहे." औषधांच्या दुकानात बाराही महिने फार काम असतं, पण आत्याला ते पटलं. निदान पटल्यासारखं तिने दाखवलं.

यानंतर वहिनी दोन दिवस माहेरी जाऊन आली. येताना तिच्या हातात एक कापडी पिशवी होती, ती तिने आपल्या कपाटात खाली ठेवून दिली.

पुढे आत्याने बाळाच्या कपड्यांसाठी जागा करायची म्हणून ते कपाट आवरायला काढलं. वहिनी दुकानात, दादा कामावर. पिशवी उघडली तर आत लोकरीचा पिवळा छोटा स्वेटर, अजून न जोडलेला. पाठ, पुढचे दोन भाग, एक बाही पूर्ण आणि दुसरी अर्धी, सुयांवरच. आत्याने तो काचेच्या टेबलावरचा माल तपासावा तसा तपासला. एक ओळ सैल, एक घट्ट, पुन्हा एक सैल. कडा नागमोडी. पाठीत एक टाका गळून चार ओळी खाली गेलेला, तो चक्क शिवणाच्या दोऱ्याने गाठ मारून पकडलेला. आणि सुया! एक जाड, एक बारीक. म्हणजे जोडीतली एक हरवली आणि हाताला येईल ती दुसरी घेतली.

त्या दुपारी मी वर गेले तेव्हा आत्याचे डोळे पाणावलेले होते. "माझ्या धाकाने लपूनछपून विणत होती गं पोर," ती म्हणाली. "दुकानातून दमून यायचं आणि दार लावून विणायचं. मी एवढी वाईट आहे का?"

"आहेस," मी हसत म्हणाले. तिनेही हसून घेतलं.

ज्या बाईचं मन एवढं भरून आलं होतं, तिने मग काय करावं? पाठीवरून हात फिरवावा, शाबासकी द्यावी. आत्याने मी यायच्या आधीच, जे जन्मभर केलं तेच केलं होतं. बाल्कनीत उसवून धुतलेल्या पिवळ्या लोकरीच्या लडी टांगलेल्या होत्या आणि वळ्या सरळ व्हाव्यात म्हणून प्रत्येकीच्या खाली एकेक कुलूप लोंबत होतं.

"तिला विचारलंस का?" मी म्हणाले.

"विचारायचं काय त्यात? सरप्राइज आहे. तिला वाटेल तिचाच स्वेटर, पण नीट."

रिकाम्या पिशवीत तिने जुना टॉवेल घडी करून भरला, म्हणजे वहिनीला संशय येऊ नये. मग सुया निवडायला बसली. स्टीलच्या दहा नंबरच्या घेतल्या, नमुना केला, पट्टीने मोजला, पटला नाही, अकराच्या घेतल्या. काठासाठी बाराच्या. वहिनी कामावर गेली की आत्या विणायला बसायची आणि ती परतायच्या वेळेला सगळं गादीखाली. त्या दिवसांत ती इतकी खूश होती की तिने माझ्या घरचे पडदेसुद्धा बरे आहेत म्हटलं.

स्वेटर झाला. खोटं कशाला बोलू, सुंदर झाला. टाक्याला टाका, ओळीला ओळ, जोडलेल्या जागा शोधूनही सापडेनात. रात्रीचं जेवण आटोपल्यावर आत्याने तो कागदात गुंडाळून वहिनीच्या हातात दिला. मला खास वर बोलावलं होतं, टाळ्या वाजवायला.

वहिनीने कागद उघडला. तिने वीण पाहिलीच नाही. ती लोकरीकडे बघत राहिली. "ही लोकर कुठून आणलीत?"

"तुझीच की! कपाटातली," आत्या फुलून म्हणाली. "घाबरू नकोस, मी अजिबात रागावलेले नाही. पण अगं, केवढं ते वाकडंतिकडं! सगळं उसवलं आणि पुन्हा केलं."

"सगळं?"

"सगळं. त्या अर्ध्या बाहीसकट."

वहिनीने स्वेटर टेबलावर ठेवला. "ते माझ्या आईने केलं होतं," ती म्हणाली.

दादा पाणी पीत होता, तो तसाच थांबला. वहिनीच्या आईची नजर अधू झालीय हे आम्हाला ठाऊक होतं. किती, ते त्या दिवशी कळलं. "तिला आता फक्त खिडकी कुठे आहे ते कळतं," वहिनी म्हणाली. "दिसेनासं झाल्यावर ती नुसती बसून असायची. मग तिने स्वतःच युक्ती काढली. एक सुई जाड, एक बारीक. जाड सुई रिकामी होऊन उजव्या हातात आली की सुलट ओळ, बारीक आली की उलट. म्हणजे कुणाला विचारायला नको. सगळा हिवाळा तिने ते एकटीने केलं. अर्धी बाही माझ्यासाठी ठेवली होती. म्हणाली, थोडी तू कर, म्हणजे दोघींचं होईल."

आत्या म्हणाली, "मला सांगायचं तरी होतंस."

"तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

 वहिनीने आवाज चढवला नाही. ती आत गेली, आणि आत्या टेबलापाशी उभी होती तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि ते लपवायची कला तिने कधी शिकून घेतलेली नव्हती. गरजच पडली नव्हती ना.

खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी बरं वाटलं. माझ्या मफलरची आठवण झाली. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात आत्या भेटली तेव्हा ती भिंतीच्या बाजूने उतरत होती. एरवी जिन्याच्या मधोमध चालणारी बाई. शेजारणीने "काय नवीन विणताय?" असं सहज विचारलं तर आत्या "काही नाही, काही नाही" करत घाईने पुढे गेली. सोफ्याजवळची सुयांची बरणी तिने उचलून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे ठेवली. वहिनी खोलीत आली की ही उठून दुसऱ्या खोलीत जायची. बोलायला तोंडच राहिलं नव्हतं.

वहिनीने तिला फक्त एकदाच सांगितलं. "बाळंतपणाला आई इथे येणार आहे. ती स्वेटर मागेल. मी खोटं बोलणार नाही आणि मी सांगणारही नाही. तुम्ही सांगायचं."

विहीणबाईंना तोंड कसं दाखवायचं, हे तेव्हापासून आत्याच्या डोक्यात बसलं. ती एके दुपारी माझ्याकडे आली. हातात पिशवी. पिशवीत तशीच पिवळी लोकर आणि त्याच दोन सुया, एक जाड, एक बारीक. "पुन्हा तसाच करता येईल," ती म्हणाली. "मला तो आठवतो, ओळ न ओळ." तिने माझ्यासमोर सुरुवात केली. सुया बेजोड होत्या म्हणून ओळी सैल-घट्ट आल्या खऱ्या, पण त्यातही शिस्त. एक सैल, एक घट्ट, मापून घेतल्यासारख्या. तिने मुद्दाम टाका पाडला तर बोटाने आपोआप उचलला. डोळे मिटून विणून पाहिलं. डोळे मिटूनही सरळ! चाळीस वर्षं त्या हाताने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या, त्याला स्वतःहून एक चूक जमेना.

शेवटी तिने सुया माझ्यापुढे केल्या. "तू कर. तुझं वाकडं येतं."

माझ्या विणकामाला आयुष्यात पहिल्यांदा मागणी आली होती. मी मनापासून विणलं. कडा वेड्यावाकड्या, टाके कुठे ताणलेले, कुठे ढिले. मला वाटलं, आता तरी ही समाधानी होईल. आत्याने ते हातात घेतलं, उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"हे तुझं वाकडं आहे," ती म्हणाली. "त्यांचं वेगळं होतं. त्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला घट्ट ओढायच्या, भीतीने, की टाका सुटला तर सापडणार नाही. आणि मधे गेलं की हात सैल व्हायचा." मग ती रडायला लागली. "मला सगळं दिसलं होतं गं. प्रत्येक टाका दिसला होता. बाई दिसली नाही."

मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

विहीणबाई आल्या. दादा त्यांना हाताला धरून वर घेऊन आला. ठेंगण्या, हसऱ्या, जरा जास्तच बोलक्या. ज्यांना दिसत नाही ती माणसं खोलीत कोण कुठे आहे ते कळावं म्हणून बोलत राहतात, तसं त्यांचं होतं. हातपाय धुऊन सोफ्यावर टेकल्या आणि पहिलाच प्रश्न, "अगं, स्वेटर जोडून झाला का? आण बघू."

वहिनीने आत्याकडे पाहिलं. आत्या कपाटाशी गेली, स्वेटर आणला, विहीणबाईंच्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता सांगेल. तिने तोंड उघडलंही होतं.

विहीणबाईंची बोटं पाठीवरून फिरली. थांबली. पुन्हा फिरली. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "हे मी केलंय? इतकं सरळ?" त्यांचा चेहरा असा उजळला की मी नजर वळवली. "मला तर वाटलं होतं पार वाट लागलीय. ती पाठीतली गाठसुद्धा लागत नाही हाताला. विहीणबाई, धुतल्यावर विणकाम बसतं ना हो?"

हे खरंच आहे. विणकाम धुऊन, हाताने ताणून वाळवलं की टाके एकमेकांशी जुळवून घेतात. पण थोडेच. सगळे नाही.

"बसतं," आत्या म्हणाली.

"आणि राहिलेली अर्धी बाही? ती कुणी केली?"

"ती मी केली," आत्या म्हणाली. वहिनी उठून चहा ठेवायला गेली.

त्या क्षणापासून आत्याचे जे हाल सुरू झाले ते मी माझ्या शत्रूलाही चिंतणार नाही. विहीणबाईंना कुणीही भेटायला आलं की स्वेटर बाहेर. शेजारीण आली, दाखव स्वेटर. दादाचा मित्र आला, दाखव स्वेटर. "डोळे नाहीत हो मला, तरी बघा! नुसत्या हातांवर केलंय. आणि या आमच्या विहीणबाईंची ती अर्धी बाही, सांगा बरं कुठली त्यांची आणि कुठली माझी?" माणसं कौतुकाने म्हणायची, काही फरक कळत नाही. आत्या मान खाली घालून बसायची. लोकांना वाटायचं, किती विनय आहे बाईला.

मी तिला जिन्यात गाठून म्हटलं, "सांगून टाक."

"आता सांगितलं तर दुसऱ्यांदा उसवल्यासारखं होईल," ती म्हणाली. तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण त्यात तिची स्वतःची सोयही होती, आणि हे तिलाही माहीत होतं. म्हणून तर ती माझ्याकडे न बघता बोलत होती.

विहीणबाईंना हुरूप आला. त्यांनी उरलेल्या पिवळ्या लोकरीची टोपी करायला घेतली, त्याच दोन सुयांवर. संध्याकाळी सोफ्याच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला आत्या, मध्ये लोकरीचा गुंडा. ओळ संपली की त्या विचारायच्या, "बरं येतंय ना हो?" आणि आत्या म्हणायची, "छान येतंय." टोपी एका बाजूला कलत चालली होती. एका जागी टाके दाटले होते, एका जागी भोक. आत्याची बोटं मांडीवर आपोआप हलायची. मग ती एक हात दुसऱ्याखाली दाबून धरायची.

टोपी पुरी झाली. विहीणबाईंनी ती चाचपली आणि जरा हिरमुसल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "अजून धुतली कुठे आहे! धुतल्यावर बसेल, स्वेटरसारखी. तुम्हीच धुवा हो, तुमच्या हाताला गुण आहे."

आत्याने टोपी कोमट पाण्यात धुतली. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपलं. मग बाल्कनीत बसून तिने एकेक टाका नखाने ओढून सरळ करायचा प्रयत्न केला. दाटलेले टाके पसरले, पसरलेले आवळले, ताटलीवर ताणून टोपी उन्हात ठेवली, दर थोड्या वेळाने जाऊन फिरवली. मी तिला इतकं देवाधर्मासारखं काही करताना कधी पाहिलं नव्हतं. एकदाही ती टोक शोधायला गेली नाही.

वाळलेली टोपी तिने संध्याकाळी विहीणबाईंच्या हातात दिली. वहिनी समोर बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. मी दाराशी होते.

विहीणबाईंनी टोपी चाचपली. भोक लागलं. कलती कड लागली. त्यांनी उशाशी ठेवलेला स्वेटर ओढून घेतला आणि एक हात स्वेटरवर, एक टोपीवर असा बराच वेळ ठेवला. त्यांचं बोलणं थांबलं. 

"विहीणबाई," शेवटी त्या म्हणाल्या, "धुण्याने नाही झालेलं हे."

"नाही," आत्या म्हणाली.  "मी केलाय. सगळा. तुमचा होता तो मी उसवला."

"कुणाचा समजून?"

"हिचा. सुनेचा."

वहिनीचे हात घडीवर थांबले. विहीणबाईंनी मान त्या बाजूला वळवली, जणू मुलीचा चेहरा दिसतोय.

"म्हणजे हिचा असता तर चाललं असतं," त्या म्हणाल्या. रागाने नाही. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.  आत्याचा चेहरा पार उतरला.

"वेळ किती लागला हो?" विहीणबाईंनी विचारलं. "उसवायला?"

आत्याला खोटं बोलता आलं असतं. तिने डोळे पुसले. "चहा ओतून ठेवला होता," ती म्हणाली. "तो गार व्हायच्या आत झालं."

विहीणबाईंनी मान हलवली. स्वेटरची घडी घातली आणि आत्याच्या बाजूला सरकवून ठेवली, ज्याची वस्तू त्याला द्यावी तशी. मग मधे पडलेला लोकरीचा गुंडा आणि दोन सुया चाचपून उचलल्या आणि आपल्या पलीकडे, वहिनीच्या बाजूला ठेवल्या. वहिनीने दुपटी बाजूला करून जागा दिली. त्यांनी नव्या मोज्यासाठी टाके घातले, जाड सुई उजव्या हातात घेतली आणि विणायला लागल्या. थोड्या वेळाने, ओळीच्या मध्यावर, एक टाका निसटला आणि खाली उतरत गेला. आत्याने तो पाहिला. तिने विहीणबाईंकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.